निकाल लागला, मिरग यायचाय: बारावी झालेल्या कोकणातल्या मुलांसाठी

दरवर्षी मे महिन्यात निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एकच मथळा असतो: कोकण विभाग राज्यात अव्वल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वेगळ्या मंडळाचा निकाल २०१२ पासून लागतोय, तेव्हापासून हा मथळा काही बदललेला नाही. आणि दरवर्षी मिरग (मृगाचा पाऊस) लागला की याच अव्वल विभागातली मुलं माझ्या केंद्राच्या पडवीत गळक्या छत्र्या घेऊन उभी असतात. हातातला एखादा कागद चुकलेला असतो.

देवगड तालुक्यात मी महा ई-सेवा केंद्र चालवते. बारावीनंतर 'काय' करावं हे सांगणारे घरोघरी आहेत. निकाल आणि पाऊस यांच्या मधल्या तीन-चार आठवड्यांत नेमकं कशानंतर काय करावं, हे सांगायला मात्र कोणी नसतं. माझंही एक वर्ष त्यातच गेलं. ते पुढे ओघात येईलच.

पायरी पहिली: एक संध्याकाळ, एक वही

फॉर्म भरायला धावण्याआधी हे करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचा हिशोब वहीत लिहून काढा. आठवणी आणि फोटो ग्रुपवर चालू आहेतच, ते इथे नकोत. कोणी न सांगता कुठलं पुस्तक उघडलंत? कुठल्या विषयाला क्लास लावूनही डोकं चाललं नाही? गैरहजर किती दिवस होतात आणि का: आंबा काढायला, होडीवर, आजारपणात, की नुसतेच सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळावर) क्रिकेट? घरातलं कुठलं काम तुमच्याशिवाय अडतं?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. गेल्या वर्षी एक मुलगा आला, सायन्सला ५४ टक्के. "कुठलाय भरा, आयटीचा नायतर कसलाय," म्हणाला. बोलता बोलता कळलं की घरच्या बागेचा सगळा हिशोब हाच ठेवतो. पेट्या किती गेल्या, डझनाला काय दर लागला, वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) आली तेव्हा तोलाई-हमाली किती कापली, सगळं एका लाल वहीत. एका पट्टीत चारशे रुपयांची चूक त्याने स्वतः पकडून दलालाला फोन केला होता. मी म्हटलं, हे बारावीत कुठे शिकलास? तर म्हणाला, ह्या काय शिकूचा आसता? त्याने शेवटी बी.कॉम.चा फॉर्म भरला. त्याच्या काकांना अजून पटलेलं नाही.

काकांवरून आठवलं. मे महिन्यात गावात चाकरमानी आलेले असतात, आणि निकालही नेमका तेव्हाच लागतो. आंब्याच्या पेटीबरोबर सल्लाही फुकट. एक म्हणतो इंजिनिअरिंगला आता काही राहिलं नाही, दुसरा म्हणतो कॉम्प्युटर कर, आणि ओट्यावरचे बाकीचे गाऱ्हाण्याला म्हणावं तसं "होय महाराजा" म्हणतात. ऐकून घ्या. त्यांच्याकडून सल्ल्यापेक्षा माहिती काढा: तुमच्या इथे खोलीचं भाडं काय, डोंबिवलीहून कॉलेजला जायला सकाळी कितीची लोकल धरावी लागते, आजारी पडलो तर कोण बघेल. याची उत्तरं त्यांच्याकडे पक्की असतात.

पायरी दुसरी: गुणपत्रिका नीट वाचा

निकालाच्या दिवशी मोबाइलवर दिसतात ते फक्त आकडे. मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी कॉलेजात येते. हातात पडल्याबरोबर तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, स्वतःचं नाव आणि आईचं नाव अक्षर अक्षर तपासा. चूक असेल तर अर्ज कॉलेजमार्फत रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे जातो, आणि त्याला वेळ लागतो.

एखाद्या विषयात गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची. ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. छायाप्रतीशिवाय थेट पुनर्मूल्यांकन होत नाही. विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, तेवढ्यासाठी वर्ष फुकट घालवू नका.

पायरी तिसरी: कागद

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण सगळे इथेच अडकतात.

एक फाइल मूळ कागदांची, एक झेरॉक्सची, आणि दोन्ही मावतील अशी चेनची प्लास्टिक पिशवी. कोकणात ही पिशवी फाइलीइतकीच महत्त्वाची. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. पुढे कधी तिच्यावर शिक्का मारायची वेळ आली तर पंचाईत होते.

शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी त्यातल्या नोंदी कारकुनाकडून वाचून घ्या: जन्मतारीख, जन्मठिकाण, जात-पोटजात. मूळ दाखला एकदाच मिळतो. नंतर मिळतो त्यावर 'दुय्यम प्रत' असा शिक्का असतो, आणि मग प्रत्येक टेबलावर मूळ कुठे गेला ते सांगत बसावं लागतं. नव्या कॉलेजात मूळ दाखला जमा करण्याआधी दहा झेरॉक्स काढून ठेवा. उगाच सांगत नाही, दहा लागतात.

उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) तहसीलदारांचे. अर्ज केंद्रातून होतो, सरकारी मुदत १५ दिवसांची. उत्पन्नासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडात तलाठीच). १५ दिवस म्हणजे अर्ज बिनचूक असेल तर १५ दिवस. रेशनकार्डावर आजोबांचं नाव, वीजबिल काकांच्या नावावर आणि सातबारा पणजोबांचा, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. असं असेल तर निकालाची वाट न बघता आधीच या.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी असा व्यावसायिक अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर त्यापुढे जात पडताळणीही लागते. तिची जिल्हा समिती वेगळी, आणि ते काम आठवड्यात होत नाही. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज द्यायला हवा होता. दिला नसेल तर आज द्या आणि पावती जिवापाड जपा. काही वर्षी सरकारने पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्राला मुदत वाढवून दिली आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे नॉन क्रिमीलेयर (घर सधन नसल्याचं, आरक्षणासाठी लागणारं प्रमाणपत्र) होतं. वडिलांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं, घडी पडलेलं. कागदपत्रं तपासण्याच्या टेबलावर साहेबांनी ते उघडलं, सगळं सोडून सरळ शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. तिथे लिहिलं होतं: ३१ मार्चपर्यंत वैध. मार्च उलटून गेला होता. ती ओळ ना मी वाचली होती, ना घरात कोणी, ना जिथे फॉर्म भरला तिथे कोणी. माझा अर्ज खुल्या गटात गेला आणि जागा हुकली. त्या बोटाचं शाईने निळं झालेलं नख मला अजून दिसतं.

म्हणून नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्हींची शेवटची ओळ आज वाचा. नॉन क्रिमीलेयर ज्या शैक्षणिक वर्षाला प्रवेश घेताय त्याच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत चाललं पाहिजे. आयआयटी-एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थेत जायचं असेल तर राज्याचा नमुना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला, लागतो. हे आम्हा केंद्रवाल्यांना आधी सांगा. न सांगता आम्ही राज्याचाच काढून देतो.

आधारचंही बघा. वय १५ झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते दिलेले नसतील तर ऐन वेळी अंगठा लागत नाही.

पायरी चौथी: ओटीपी तुमच्याच फोनवर

आमच्याच धंद्यातली गोष्ट सांगते. घाईच्या दिवसांत काही केंद्रांवर फॉर्ममध्ये केंद्रवाल्याचाच मोबाइल आणि ईमेल टाकतात. काम पटकन होतं. पुढे जागा लागल्याचा मेसेज जातो केंद्रवाल्याकडे, आणि तो दीडशे मुलांत तुमचं नाव विसरलेला असतो.

दुसरा प्रकार बापाच्या नंबराचा. परवा एक मुलगा माझ्यासमोर बसून फोनवर विचारत होता, "बाबा, ओटीपी इलो काय?" तिकडून आवाज, "हय रेंज नाय रे, सड्यार जातंय, थांब." बाबा चढून सड्यावर पोचले तोवर ओटीपीची दहा मिनिटं संपली. पुन्हा नवा ओटीपी, तोवर बाबा खाली उतरलेले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी बाबांना सांगितलं, सड्यावरच बसा, बिडी ओढा, आम्ही सांगू तेव्हा उतरा.

तर: स्वतःचं सिमकार्ड, स्वतःचा ईमेल, आणि पासवर्ड कागदावर लिहून फाइलीत. फॉर्म शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. जूनमध्ये झाड तारेवर पडलं की दोन दिवस वीज नसते आणि टॉवर पाठोपाठ जातो. पोर्टलच्या तारखा मुंबईत ठरतात, त्यांना आपल्या झाडाचं काय.

इंजिनिअरिंगसारख्या केंद्रीभूत प्रवेशाला 'कॅप' म्हणतात, आणि त्यातला ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी. क्रम मनापासून लावा. पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, मग 'उगाच टाकलेलं' असं म्हणून सुटका नाही.

पायरी पाचवी: वाटा, आणि त्यांतल्या खाचा

साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला कोकणातली आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. कॉलेजच्या फॉर्मआधी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, ती विसरली तर यादीत नावच येत नाही. बीएमएस, बीबीए, बीसीए मात्र आता साधे राहिलेले नाहीत. २०२४-२५ पासून त्यांना सीईटी (प्रवेश परीक्षा) लागते. निकालानंतर "बीसीए करूचा आसा" म्हणत येणाऱ्यांना मला दरवर्षी हेच सांगावं लागतं.

सायन्सला टक्के कमी पडले पण हात चालतो, अशांनी पॉलिटेक्निकचा विचार करा. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि मालवण, रत्नागिरीला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. ओरोसला २०२१ पासून आणि रत्नागिरीला २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. तिथला रस्ता 'नीट' या प्रवेश परीक्षेतून जातो, त्यावर मी वेगळं काय सांगू.

घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी असूनही बऱ्याच घरांना माहीत नसतं की मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला होते. ते कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. त्याच विद्यापीठाचं उद्यानविद्येचं कॉलेज कुडाळजवळ मुळद्याला आणि वनशास्त्राचं दापोलीत आहे. यांना बारावी सायन्स आणि एमएचटी-सीईटी लागते. ज्यांची कलमं आहेत त्यांनी मुळद्याला एकदा नुसती चक्कर तरी मारून यावी.

आता 'बोटीवर'. मर्चंट नेव्हीचं वेड आपल्या किनाऱ्याला जुनं आहे, आणि एजंटही तितकेच जुने. पैसे देण्याआधी पहिलं काम म्हणजे डोळे. डीजी शिपिंगने (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याने) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून नजर आणि रंगांधळेपणा तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकची वाट तिथेच बंद होते. ते फी भरल्यावर कळलं तर पैसेही गेले. डेक ऑफिसर व्हायचं तर डीएनएस कोर्स. त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ६० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि आयएमयू-सीईटी. खलाशी म्हणून जायचं तर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स, तोही मान्यताप्राप्त संस्थेतच. संस्थांची आणि भरती करणाऱ्या परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर असते. एजंटने सांगितलेलं नाव त्या यादीत नसेल तर उठून या. चहा झाला असेल तर चहाचे पैसे द्या, बाकी काही देऊ नका.

गावात राहणं ही पण वाट आहे. 'राहिला' हा शब्द आपल्याकडे नापास झाल्यासारखा उच्चारतात, मला त्याचा राग येतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. पाण्यात वाढलेल्या मुलाला तिथे प्रमाणपत्र मिळतं, आणि नुसतं पोहता येण्यात आणि प्रमाणपत्र असण्यात पगाराचा फरक पडतो. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन किंवा फ्रिज-एसीवाला मेकॅनिक पण पडून राहत नाही. जो होमस्टे उघडतो त्याला तोच लागतो.

पायरी सहावी: पैशांचं बोलणं

हे बोलणं घरात कोणी सुरू करत नाही, तुम्ही करा. आपल्या घरातला पैसा महिन्यांवर चालतो. आंब्याचे पैसे मेअखेरपर्यंत येतात, आणि त्यातले खताचे, फवारणीचे, कामगारांचे आधीच वजा असतात. मच्छीमार घरात तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि नेमकी याच दोन महिन्यांत फी, डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स. म्हणून प्रवेश ठरायच्या आधीच वहीत लिहा: फी किती, कधी, कोणाकडून.

फी माफीच्या योजना बऱ्याच आहेत, आणि अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. मुलींनी हे नीट वाचा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी, प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने सीट घेतली की ही माफी गेली. कॉलेजवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून बँकेत जाऊन खातं जोडलेलं आहे का ते विचारून या. वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचाही अर्ज तिथेच.

एक छोटी गोष्ट मुलींना धक्का देते. बारावीपर्यंतचा एसटीचा मोफत पास आता संपला. रोज येऊन-जाऊन कॉलेज करणार असाल तर प्रवासखर्च धरा. अर्धं तिकीट महिला म्हणून आहेच, विद्यार्थी पासही काढता येतो. दोन्हींत काय स्वस्त पडतं ते डेपोत विचारून ठरवा.

पायरी सातवी: कॉलेजात शेवटची फेरी

दाखला घ्यायला जाल तेव्हा लायब्ररीची पुस्तकं परत करा, अनामत रक्कम असेल तर ती मागा, मागायला लाजू नका. एनएसएस, एनसीसी, खेळाची प्रमाणपत्रं कुठल्या तरी कपाटात पडून असतात, ती शोधून काढून घ्या. वर्तणुकीचा दाखलाही त्याच दिवशी. आणि ज्या एका सरांचा किंवा बाईंचा तास तुम्ही बुडवला नाहीत, त्यांचा नंबर घ्या. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा तुम्हाला नावाने ओळखणारं माणूस बहुधा तेच असतं.

वय १८ होत आलं असेल तर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ गावात असतानाच भरून टाका. १७ झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो.

पायरी आठवी: निघणाऱ्यांसाठी

मुंबईला जाणारे बहुतेक आधी काकांकडे किंवा गावमंडळाच्या खोलीत उतरतात. चांगलं आहे, पण पहिल्या महिन्यातच ठरवा की तिथे किती दिवस. खोलीत झोपायला जागा मिळते, अभ्यासाला कोपरा मिळेलच असं नाही. कोल्हापूर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, फक्त पावसाळ्यात घाटाची खबर घेऊन निघायचं.

ट्रंकेत काय भरायचं ते आई ठरवते, त्यात बोलू नका. कोकम, कुळथाचं पीठ आणि भाजणी यांवरून वसतिगृहात ओळखी होतात.

आणि गेल्या गेल्या गणपतीचं तिकीट काढा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ज्या रात्री गाडीत बसायचं त्या तारखेपासून मागे मोजा, कॅलेंडरवर गोल करा, आणि त्या दिवशी सकाळी आठ वाजायच्या आत फोन हातात घेऊन बसा. तुतारी आणि कोकणकन्या काही मिनिटांत वेटिंगला जातात. तास सकाळचा असला तर मागच्या बाकावर बसा.